दूध सोसायटीच्या दाराची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. धारूरच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले आणि घाटनांदूरजवळच्या एका गावात, दूध सोसायटीच्या दाराला मी बसले. रोज पहाटे सोसायटीचा सचिव उत्तरेश्वर मला काढायचा. दूध मापताना त्याच्या हातून थेंब सांडत नसे. "आपली कडी लई मजबूत हाय," असे तो कौतुकाने म्हणे, आणि मी सुखावत असे.

मग सलग दोन वर्षे पाऊस झाला नाही. जनावरे चारा छावणीत गेली, सोसायटी बंद पडली. मला गंज चढला. उत्तरेश्वर पायरीवर बसून दारू पिऊ लागला. आधी झोप यावी म्हणून, पुढे हातांचा कंप थांबावा म्हणून. सकाळी घोट घेतल्याशिवाय त्याला सदऱ्याची गुंडी लावता येईना.

"मनावर घेतलं तर सुटंल की! ह्याच्यात दमच न्हाई," लोक म्हणत.

ते त्याच्या जिव्हारी लागले. एका सकाळी तो बायकोला, वच्छलाबाईला, घेऊन आला. आत शिरून म्हणाला, "भाईरून कडी लाव. तीन दिवस. वरडलो, शिव्या दिल्या तरी उघडू नको. तुला माजी आण हाय."

"आवो, पर जेवण?"

"खिडकीतून दे."

पहिल्या दिवशी तो घामाने भिजला, थरथरत राहिला. दुसऱ्या दिवशी रिकाम्या खोलीत त्याला गाई दिसू लागल्या. "वच्छे, दूध सांडाय लागलंय, उघड!"

माझ्यावर हात ठेवून ती बाहेर रडत होती. उघडले तर हा पुन्हा पिणार, एवढेच तिला कळत होते.

दुपारी आत काहीतरी धाडकन पडले. तिने मला काढले. तो जमिनीवर पडला होता, त्याला झटके येत होते. डॉक्टर येईपर्यंत सारे संपले होते.

"ताई, रोजची दारू मेंदूला गुंगवते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "मग मेंदू त्या गुंगीशी झगडायला स्वतःला चेतवणारी रसायनं वाढवतो. दारू एकदम तोडली की गुंगी जाते, पण ते चेतवणं चालूच राहतं. त्यानं भास होतात, झटके येतात. दवाखान्यात औषधं देऊन ती सोडवावी लागते. हा दमाचा प्रश्न नव्हता."

"म्हंजे मीच त्यास्नी..." वच्छलाबाई म्हणाली.

मित्रांनो, आपणहून उघडणे माझ्या हाती नव्हते. तुमच्या ओळखीत कुणाचे हात असे कापत असतील तर त्याला हिणवू नका, कोंडू देऊ नका. मोठ्यांना सांगून त्याला दवाखान्यात न्यायला लावा. वच्छलाबाईला हे वेळेवर कुणीच सांगितले नाही.