तान्ह्या पोळ्यातलं खवल्या मांजर

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे रुपराव, प्राण्यांच्या बागेतून निवृत्त झाले तरी वाघ-अस्वलं त्यांच्या जेवणाच्या ताटाभोवती फिरायचीच. तेवढं लोक ऐकून घेत. पण खवल्या मांजराचं नाव काढलं की गल्ली हसू दाबायची. अंगभर खवले, तोंडात एक दात नाही, मुंग्या खातं आणि भ्यालं की अंगाचा चेंडू करतं, असलं जनावर म्हाताऱ्याने स्वप्नातच पाहिलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. माझा नवरा तर आपल्याला काही आठवत नाही असं तोंडावर सांगून मोकळा झाला.

साक्षीला फक्त सासूबाई होत्या. त्या जनावरासाठी मुंग्यांची घरटी शोधत दोघं टोपली घेऊन सकाळी हिंडायची. सासूबाई गेल्या आणि मामाजी एकटे पडले. पुढे पुढे तेच मला विचारू लागले, "होतं ना वं ते? का मीच काही बरळून राहिलो?" मी हो म्हणायची. पण मी सून होऊन आले तेव्हा बागेतला त्याचा पिंजरा रिकामाच होता, त्यामुळे माझ्या होकाराला वजन नव्हतं, आणि ते त्यांनाही कळत होतं. मला फार वाईट वाटायचं.

एक्याऐंशी साली तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणाऱ्या लहान मुलांच्या पोळ्याला, माझ्या लेकीला, उत्तराला, लाकडी बैल हवा होता. इतवारीच्या बाजारात हवे तेवढे मिळत होते, पण आजोबांनी मीच करतो म्हणून सांगितलं. आठवडाभर अंगणात ठोकाठोक चालली. पोळ्याच्या दिवशी पाहते तर चाकांवर खवल्या मांजर. डालडाच्या डब्याचा पत्रा कापून एकेक खवला ठोकलेला. मी कपाळाला हात लावला. पोर मात्र खूश.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी मुलं आपापले बैल सजवून जमली. पोळा भरवणारे चंपतराव आमच्या गाड्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, शिंगांशिवाय बैल पोळ्यात उभा राहणार नाही. मुलं खिदळली, उत्तराचा चेहरा पडला. चंपतरावांच्या डोक्यात पाटा घालावा असं मला वाटलं, पण सासऱ्यांसमोर सुनेने काय बोलावं. मामाजी घरात गेले, दोन शिंगं तासून आणली आणि सरसाने चिकटवली. ते जनावर एकदा तरी कुणी ओळखावं एवढीच त्यांची हौस होती, आणि त्यांच्याच हातांनी त्याचा बैल झाला.

मग घरोघर फिरणं सुरू झालं. बायका बैलांना ओवाळून मुलांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ-पैसे ठेवत होत्या. आमच्या गाड्याशी आल्या की पदर तोंडाला लावत. मामाजी मागून खाली मान घालून चालत होते.

गल्लीच्या टोकाला जिजाबाई राहायच्या. नुकत्याच मुलीकडे राहायला आल्या होत्या, त्यामुळे आमची ओळख नव्हती. ताट घेऊन उत्तरासमोर वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांनी खवल्यांवरून बोट फिरवलं, शिंगाला हात लावला आणि माझ्याकडे न बघता थेट मामाजींना विचारलं, "याले शिंगं काहून लावले गा? त्याले तं शिंगं नव्हते."

मामाजींनी मान वर केली.

"मी बागेच्या फाटकावर फुटाणे विकत होती," त्या म्हणाल्या. "माह्या पोरी रोज त्याले पाहाले जात. हात लावला का गोल होऊन जाये."

मामाजी मटकन ओट्यावर बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसायचं त्यांना सुचेना. मग त्यांनी गाडा जवळ ओढला आणि दोन्ही शिंगं कटकन मोडली.

"नव्हतेच," ते म्हणाले. "बाई, नव्हतेच त्याले शिंगं."

जिजाबाईंनी त्या बिनशिंगी जनावराला कुंकू लावून ओवाळलं. गाडा पुन्हा चंपतरावांच्या दारावरून गेला तेव्हा मामाजींची मान ताठ होती, आणि कुणी विचारायच्या आधीच उत्तरा सांगत होती की याले शिंगं नसतात.