पुढच्या उजव्या वर्तुळातला डाग

ज्या माणसाने आयुष्याची एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढे काचा बसवण्यात घालवली, त्याला काचेविषयी चार शब्द सुनावणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे होय. आणि तरीही शेगड्यांच्या दुकानातल्या विक्रेत्याने ते धाडस केले. "काच आहे साहेब, जरा जपून वापरावी लागते," एवढेच तो म्हणाला. चष्मेवाल्यांनी आपला चष्मा काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली, खिशातल्या पिवळ्या फडक्याने तो पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. मग काच कशाने तडकते, कशाने तडकत नाही, आणि ओरखडा व भेग यांत भेद कोणता, याचे त्यांनी जे निरूपण आरंभले, ते संपेपर्यंत पंखे बघायला आलेली दोन गिऱ्हाइके पंखे न घेताच निघून गेली होती.

त्यांची पत्नी बाजूला उभी राहून शेगड्यांची बटणे फिरवून पाहत होती. ती शिवणकामाचे वर्ग चालवी, आणि कोणतीही वस्तू हाताने चाचपल्याखेरीज तिच्याविषयी बोलायचे नाही, हा तिचा शिरस्ता होता. तिला हवी होती तारेच्या वेटोळ्यांची विजेची शेगडी. वेटोळे लाल झाले की तापले हे कोणालाही कळते, आणि काही सांडले तर ते खालच्या ताटलीत जाऊन डोळ्यांआड होते, असे तिचे म्हणणे. चष्मेवाल्यांचा तत्त्वतः विरोध होता तो नेमका याच सोयीला. डोळ्यांआड झालेली घाण नाहीशी होत नाही, ती केवळ निर्लज्ज होते, असे त्यांनी सांगितले. सपाट काळ्या काचेची शेगडी काहीही लपवत नाही. तिच्यावर पडलेला थेंब स्वतःच गुन्हा कबूल करतो.

काचेच्या शेगडीला सपाट बुडाची भांडी लागतात हे त्यांनी आधीच वाचून ठेवले होते. म्हणून घरातली नऊ भांडी आणि एक पोलादी पट्टी ते पिशवीत घालून घेऊन आले होते. दुकानाच्या मधोमध प्रत्येक भांडे उपडे करून त्यांनी बुडावर पट्टी आडवी धरली आणि पट्टीखालून उजेड येतो का ते एक डोळा मिटून पाहिले. चार भांड्यांच्या बुडाला पोक निघाले. त्यांत पत्नीचे आवडते रुंद पातेले होते. ते काचेवर ठेवताच झोपाळ्यासारखे डुलले. चष्मेवाल्यांनी ते बाद भांड्यांत टाकले. पत्नीने ते काही न बोलता उचलून पुन्हा पिशवीत घातले. तिचे हे न बोलणे त्यांनी मनावर घ्यायला हवे होते.

"घ्या तुमची काच," ती अखेरीस म्हणाली. "पण ऐका. निवडली तुम्ही, तर पुसायचीही तुम्हीच. दुकानवाले तीस दिवसांत परत घेतात. तिसाव्या दिवशी मी बघणार. एक जरी डाग दिसला तर ही जाईल, वेटोळ्यांची येईल, आणि यापुढे घरात काहीही आणताना तुम्ही मत द्यायचं नाही. खुंटीपासून कपाटापर्यंत."

दुसऱ्या कोणाला ही अट चेष्टेची वाटली असती. परंतु ज्याने गेल्या वर्षी साधी बादली घेताना तिच्या कडीला बाक किती असावा यावर पाऊण तास वाद घातला होता, त्याच्या लेखी ही हद्दपारीच होती. चष्मेवाल्यांनी अट स्वीकारली. कारण न स्वीकारणे म्हणजे काचेवर अविश्वास दाखवणे झाले असते.

शेगडी आली त्याच दिवशी त्यांनी तिची परीक्षा घ्यायचे ठरवले. घरात तेव्हा फक्त सासूबाई होत्या. त्यांच्या डोळ्यांचे मोतीबिंदू नुकतेच काढले होते, आणि दिवसातून तीनदा स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत मान मागे टाकून त्या स्वतःच डोळ्यांत औषधाचे थेंब घालून घेत. जावयाने प्रेशर कुकरमध्ये टोमॅटो गळ्यापर्यंत भरलेले पाहून त्यांनी विचारले, "जावईबापू, जरा जास्त नाही का झाले?"

परीक्षा कठीणच घ्यायची असते, असे जावईबापूंनी उत्तर दिले.

सहाव्या मिनिटाला शिटी उडाली, आणि तिच्यामागोमाग टोमॅटोचा रस कारंज्यासारखा उडाला. शेगडी, भिंत, पंख्याची जाळी, चष्मेवाल्यांचा चष्मा, सगळे लालेलाल. परंतु माणसाची ओळख संकटात पटते. त्यांनी आधी शेगडी बंद केली, काच कोमट होऊ दिली, सोड्याचा पातळ लेप लावला, त्यावर ओले फडके पंधरा मिनिटे पसरले, पाते आडवे धरून चिकटून राहिलेला रस अलगद खरवडला आणि शेवटी व्हिनेगरचा हात फिरवला. मग भिंत, मग जाळी, मग चष्मा. पत्नी संध्याकाळी घरी आली तेव्हा स्वयंपाकघर आरशासारखे लखलखत होते. सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही. जावयाची लाज राखायला त्यांना आवडे. शिल्लक राहिलेली लाज पुढे उपयोगी पडते, असा त्यांचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशीपासून चष्मेवाल्यांनी पाहणीची पद्धत बसवली. पाहणी रोज सकाळी सात वाजता, वरचा दिवा लावून आणि एकाच जागी उभे राहून करायची, कारण रोज जागा बदलणाऱ्याची पाहणी म्हणजे वाऱ्यावरची वरात. त्यासाठी शेगडीच्या पायथ्याशी, उजव्या अंगाला, त्यांनी जमिनीवर दोन पावलांच्या चिकटपट्ट्या लावल्या. त्या पट्ट्यांवर पाय जुळवून त्यांनी काचेकडे पाहिले. भांडी ठेवण्यासाठी काचेवर आखलेल्या चार वर्तुळांपैकी पुढच्या उजव्या वर्तुळाच्या आत एक डाग होता. तपकिरी, लिंबाहून लहान, एका बाजूला शेपूट फुटलेला.

ते वाकले आणि सोडा घेऊन भिडले. घासत असताना डाग दिसेनासा झाला. समाधानाने ते सरळ उभे राहिले, तो डाग पुन्हा हजर.

असे अठ्ठावीस दिवस चालले. सोडा झाला, व्हिनेगर झाले, लिंबाचे साल झाले, दुकानात भिंगे घासायची बारीक पूडही झाली. पाते त्यांनी तीनदा बदलले. घासताना डाग हटकून नमे आणि पाठ सरळ केली की डोके वर काढी; असला कोडगा डाग त्यांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर तपासतानाही त्यांचे मन शेगडीवरच असे. एका म्हाताऱ्याला त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ वाचायला सांगण्याऐवजी डाग दिसतो का, असे विचारले. त्या बिचाऱ्याने भिऊन हो म्हटले.

चौथ्या दिवशी त्यांनी युक्ती म्हणून डागावर किटली ठेवली. पत्नी आली, शेगडीच्या डाव्या अंगाला उभी राहिली, आणि तिने सहज विचारले, "डाव्या वर्तुळात हे काय पडलंय?"

ते उजवीकडे आहे, असे चष्मेवाल्यांच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. डावीकडे काही नाही, हे त्यांना ठाऊक होते. अर्धवट उंचीवरून तिरके पाहणाऱ्यांना असे भास होतात, हे तिला त्यांनी सौम्य शब्दांत समजावले. पत्नी त्यांच्याहून वीतभर बुटकी होती आणि हे तिला एकवीस वर्षे ऐकवले जात होते.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "आज अगदी कडेला आलाय. डाग फिरायला जातो वाटतं तुमचा."

आपली बाजू भक्कम करावी म्हणून त्यांनी सासूबाईंना साक्षीला बोलावले. त्या खुर्चीत बसल्या बसल्याच काचेकडे पाहून म्हणाल्या की काचेवर त्यांना तरी डाग दिसत नाही. साक्ष अनुकूल होती. परंतु चष्मेवाले न्यायाने वागणारे होते. शस्त्रक्रियेनंतर डोळा स्थिरावून नवा नंबर ठरेपर्यंत त्या डोळ्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, असे सांगून त्यांनी ती स्वतःच फेटाळली. सासूबाईंनी पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडले होते, ते मिटले आणि मान मागे टाकून थेंब घालून घेतले.

तिसावा दिवस उजाडला. पाहणीची वेळ सकाळी अकराची ठरली होती. चष्मेवाल्यांनी सातला उठून अखेरचा हल्ला चढवून पाहिला होता आणि तो फसला होता. किटली पुन्हा ठेवावी असा मोह त्यांना झाला. पण काच काही लपवत नाही असे भर दुकानात म्हणणाऱ्याने किटलीच्या आड लपावे, हे त्यांना शोभेना. त्यांनी किटली उचलून कपाटात ठेवली.

पत्नी गळ्यात मोजपट्टी तशीच अडकवून वर्गातून आली. खिडकीजवळ सासूबाई औषधाच्या बाटलीचे झाकण उघडत होत्या. पत्नीने दिवा लावला, आणि ती नवऱ्याच्याच चिकटपट्ट्यांवर जाऊन उभी राहिली.

"आहे," ती म्हणाली.

"आहे," चष्मेवाले म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. बादल्या, खुंट्या, पडदे, कपाटे, ज्या ज्या गोष्टींवर यापुढे त्यांना मत देता येणार नव्हते, त्या साऱ्या त्यांच्या डोळ्यांपुढून रांगेने निघून गेल्या. "मी हरलो. फक्त एक सांगतो, तो पुसून जाण्यातला नाही. काचेच्या आत आहे. कारखान्यातूनच आला असणार."

"आत कशाला असेल?" खिडकीजवळून आवाज आला. सासूबाईंची मान मागे टाकलेली होती, एक डोळा मिटलेला, दुसरा सताड उघडा. "वर आहे की तो."

"वर म्हणजे, आई?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"वर म्हणजे वर. छताला. तुमचे टोमॅटो उडाले ना, त्या दिवसापासून आहे. दिवसातून तीनदा बघते मी. शेपूट आहे त्याला."

पत्नीने वर पाहिले. चष्मेवाल्यांनी वर पाहिले. भिंतीला लागून, पांढऱ्या छतावर, तपकिरी, शेपूट फुटलेला डाग सुखाने नांदत होता. त्यांनी भिंत पुसली होती, जाळी पुसली होती, स्वतःचा चष्मा पुसला होता. वर पाहायचे तेवढे राहून गेले होते.

ते खाली काचेकडे वळले आणि एक पाऊल डावीकडे सरकले. डाग डावीकडे सरकला. उजवीकडे सरकले, तोही उजवीकडे. पाळलेल्या कुत्र्याने धन्याच्या पायात पायात करावे, तसा तो महिनाभर त्यांच्याशी इमानाने वागला होता. एकाच जागी उभे राहण्याची शिस्त त्यांनी घालून घेतली नसती, तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" त्यांनी विचारले.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. सांगायला गेले, तर तुम्हीच म्हणालात, नंबर ठरेपर्यंत माझ्या डोळ्यांची साक्ष नको. मी कशाला नियम मोडू?"

पत्नी ओट्याला टेकून इतकी हसली की गळ्यातली मोजपट्टी घसरून जमिनीवर पडली. "कसले टोमॅटो?" असे तिने मधूनच विचारले, आणि सासूबाईंनी महिनाभर राखलेली लाज एका वाक्यात खर्च केली. मग ती आणखी हसली.

डोळे पुसून झाल्यावर तिने निकाल दिला. "डाग छतावर आहे, शेगडीवर नाही. तुम्ही जिंकलात. शेगडी राहील. बोला आता काय बोलायचं ते."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यातून काही आले नाही.

"आणि खरं सांगू का," ती कपाटातून आपले रुंद, पोकाचे पातेले काढत म्हणाली, "तुम्ही दुकानात गेलात की मी रोज यातच शिजवत होते. मागच्या डाव्या वर्तुळावर. डुलतं, पण तापतं. तीस दिवस शेगडी दुसऱ्याने पुसून दिली, तर परत कोण करेल?"

दुपारी चष्मेवाले स्टुलावर चढले आणि त्यांनी पिवळ्या फडक्याने, सोड्याचा लेप लावून, शास्त्रोक्त पद्धतीने छतावरचा डाग पुसला. तो एका दमात निघाला. ते खाली उतरले, चिकटपट्ट्यांवर पाय जुळवले आणि काचेत पाहिले.

पुढच्या उजव्या वर्तुळात एक शुभ्र, लख्ख, लिंबाहून मोठा पांढरा डाग चमकत होता.

तिघांनी वर पाहिले. पुसलेल्या जागेवरचे छत दुधासारखे पांढरे झाले होते, आणि तेव्हाच प्रथम सगळ्यांना कळले की उरलेले छत इतकी वर्षे पांढरे नव्हतेच. चष्मेवाल्यांनी फडके पिळले आणि ते मुकाट्याने पुन्हा स्टुलावर चढले. त्या डागाच्या कडेपासून त्यांनी पुसायला सुरुवात केली. तास गेला, दीड तास गेला. छत संपेना, आणि ते काही बोलेनात. पत्नीला मग चैन पडेना. घर तिला परके वाटू लागले.

"अहो," तिने खालून हाक मारली, "पुसून कधी व्हायचं? त्यापेक्षा रंगच देऊ या. कोणता घ्यावा, तुमचं काय मत?"

स्टुलावर फडके थांबले. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, त्यावर वाफ सोडली, शर्टाच्या टोकाने तो पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला.

"पांढरा म्हणून ज्याला म्हणतात," त्यांनी आरंभ केला, "तो मुळात एक रंग नव्हे."

सासूबाईंनी औषधाची बाटली उघडली, मान मागे टाकली, दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि ते घट्ट मिटून घेतले.