वेळलेल्या भाताचं पाणी

माझ्या सासऱ्यांना हातसडीच्या तांदळाचाच भात लागतो, आणि त्यांच्या किडन्यांना पोटॅशियम झेपत नाही. डॉक्टरीणबाईंनी मधला मार्ग काढला: तांदूळ खळखळून धुवायचे, भरपूर पाण्यात शिजवायचे आणि भात वेळून पाणी फेकून द्यायचं. रिपोर्ट सुधारला तरच लेकीकडे जायची परवानगी. धाकट्या नणंदेला नुकतीच मुलगी झाली होती आणि नातीला बघायला बाबांचा जीव टांगणीला लागला होता.

मी हात दुखेपर्यंत तांदूळ चोळले. बाबाही कधी नव्हे ते स्वयंपाकघरात यायला लागले. "दमतेस गं तू. भात मी वेळतो." मला भरून आलं. असा सासरा मिळायला भाग्य लागतं, असं मी माहेरी फोन करून सांगितलंसुद्धा.

महिन्याभराने रिपोर्ट आला. पोटॅशियम जागचं हललं नव्हतं. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

"पाणी फेकता ना?" डॉक्टरीणबाईंनी मला दरडावलं.

"रोज. बाबाच फेकतात."

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. सोबत आलेल्या सासूबाईंना तेवढं पुरलं. "अहो, कुठे फेकता?"

"फेकायचं कशाला? पितो."

"बाबा!"

"अगं, चांगलं खळखळ उकळलेलं असतं! उकळलं की सगळं मरतं."

जन्मभर पाणीखात्यात नोकरी. पाणी उकळून प्या आणि थेंब वाया घालवू नका, हेच गावभर सांगत फिरले.

"काका, मरतात ते जंतू," डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "पोटॅशियम मरत नाही, भातातून पाण्यात उतरतं. चोराला पुढच्या दाराने हाकललंत आणि मागच्या दाराने आत घेतलंत."

पुढचा महिनाभर सासूबाई सिंकशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या. पाणी वाहून जाताना बाबा डोळे मिटून घ्यायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. पण रिपोर्ट सुधारला आणि बाबा लेकीकडे रवाना झाले.

चारच दिवसांत नणंदेचा फोन.

"वहिनी, बाबांनी काय चालवलंय? रोज भाताचं पाणी घेऊन माझ्यासमोर बसतात. 'मला चालत नाही, तुला चालतं. पी!' ग्लास संपेपर्यंत बाळ माझ्याकडे देत नाहीत."

"मग पिऊन टाक ना पटकन."

"छे गं," ती कुजबुजली. "मुद्दाम घोट घोट पिते. तेवढा वेळ ती त्यांच्या मांडीवर शांत झोपते, आणि बाबा हलतसुद्धा नाहीत."