सतरा नंबरची पाटी

"आजी, उंच टपाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन चाळीसच बनल्या. त्यातल्या उरल्यात सहा, आणि माझी सतरा नंबरची!" पाहुणा जिन्यातूनच सांगत आला. जुन्या गाड्यांचं त्याला वेड. या व्हॅन बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. तिथली नंबरांची वही लिहिणाऱ्यांपैकी आता ही एकच बाई हयात होती. गाडी अस्सल आहे, एवढं तिने लिहून द्यायचं. तो ते आपल्या पुस्तकात छापणार होता.

काठी टेकत ती खाली उतरली. गाडीच्या दाराच्या चौकटीवरची नंबराची पाटी तिने चाचपली. कोपरा दुमडलेला. ती तिने बोटांनीच ओळखली.

कारखान्यात पाटी चाचणीआधीच ठोकत. त्या दिवशी चाचणीवर तिचा नवरा होता. "ब्रेक धरत नाही, घाटात नेऊ नये," अशी चिठ्ठी त्याने सकाळीच तिच्या टेबलावर आणून ठेवली. साहेब म्हणाले, "आधी घाट, मग चिठ्ठ्या." दुपारी गाडी दरीत, तिच्यासोबत तोही गेला. संध्याकाळी साहेबांनी चिठ्ठी मागितली. रडून बधिर झालेल्या तिने मुकाट्याने दिली. चूक चालकाची ठरली. तिसऱ्या दिवशी गाडी भंगारात कापली. वहीत ओळ रिकामी चालत नसे, म्हणून त्या गाडीची पाटी उपटून, कोपरा दुमडला तरी, पुढच्या गाडीवर ठोकली. 'सतरा, पास' असं लिहिलं तिनेच. पदरात पोर होतं, नोकरी हवी होती. ते पोर 'गाडी उलटवणाऱ्याचं' म्हणून वाढलं. आज पन्नाशीतही बापाचा फोटो भिंतीवर लावू देत नाही. आईचं ऐकत नाही. छापलेलं तरी वाचेल.

"चाळीस नाही रे," ती म्हणाली, "एक्केचाळीस. कागद आण."

पहिल्या ओळीत तिने दोन सतरांचं लिहिलं. मग चिठ्ठी, ब्रेक, साहेब, स्वतःची चूक. खाली सही केली.

पाहुणा पहिल्या ओळीलाच उडाला. "सतरा दोनदा! आजी, मग अशी गाडी जगात दुसरी नाही!"

"खाली वाच, बाळा. ब्रेकचं."

"वाचतो ना, सावकाश." त्याने पहिल्या ओळीखाली कागदाला घडी घातली, पाटीशेजारी धरून फोटो काढला. "एवढंच छापू. बाकीचं कोण वाचतंय, आजी?"