पांढऱ्या वाटीतली निळी गोटी

मी एक जुना नमुना आहे, कृष्णविवराचा. खरे कृष्णविवर नव्हे हो! विज्ञान केंद्राच्या दुसऱ्या दालनात, खिडकीपाशी ठेवलेला. लाकडी कड्यावर ताणलेले काळे रबर, मधोमध भोक आणि भोकाभोवती लाल रेघ, एवढाच माझा देह.

मित्रांनो, मला केंद्रातल्या मास्तरांनी एका सुताराच्या मदतीने बनवले. मास्तर कड्यावरून गोटी सोडत. ती गोल गोल फिरत आत जाई. "एखादा फार मोठा तारा जळून संपला की स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो," ते सांगत. "ही लाल रेघ एकदा ओलांडली की प्रकाशसुद्धा परत फिरत नाही." मुले गप्प होत.

पण गप्प मुले टाळ्या वाजवत नाहीत. म्हणून मास्तरांनी माझ्या शेजारी एक पांढरी वाटी बसवली. हे श्वेतविवर. कृष्णविवराचे गणित काळ उलटा धरून मांडले की ते निघते. त्यातून सगळे बाहेरच येते, आत काही शिरत नाही. गोटी माझ्यात पडे आणि वाटीतून टुणकन बाहेर येई. टाळ्याच टाळ्या! सुरुवातीला मास्तर सांगत, "हे फक्त कागदावर आहे बरं का, कुणी पाहिलेलं नाही." पुढे पुढे ते वाक्य गळाले. मीही फुशारलो.

सांगायला लाज वाटते, पण आत पडलेली गोटी कधीच बाहेर येत नसे. ती माझ्या पोटातल्या पट्टीवर पडे आणि त्या धक्क्याने आत लपवलेल्या डब्यातली दुसरीच गोटी वाटीत उडे. सगळ्या निळ्या, एकसारख्या. कुणाला कळणार?

एका सकाळी एक मुलगी वडिलांबरोबर आली. तिने तीनदा खेळ पाहिला. मग खिशातून एक लाकडी बटण काढले, गोटीसारखेच गोल, आणि माझ्यात सोडले. मला ते अडवता आले नाही. वाटीत निळी गोटी आली.

"हे माझं नाही."

"तिकडे गेलं की रंग बदलतो कधीकधी," मास्तर हसले.

"मास्तर, थट्टा पुरे," वडील हळू आवाजात म्हणाले. "तिच्या आईच्या स्वेटरचं बटण आहे ते. आई जाऊन तीन महिने झाले. मघापासून मला विचारतेय, गेलेलं दुसरीकडून येतं ना?"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्यांसमोर माझे पोट उघडले. निळ्या गोट्या फरशीभर घरंगळल्या. बटण अगदी तळाशी होते. ते तिच्या हातावर ठेवून मास्तर तिच्यासमोर खालीच बसले.

"पोरी, मी खोटं बोललो. श्वेतविवर अजून कुणालाच सापडलेलं नाही."

"मग आई?"

उत्तर वडिलांनी दिले. "नाही गं बाळा. नाही येणार."

तिने बटणावर मूठ मिटली आणि ती वडिलांच्या कुशीत तोंड लपवून रडली. मला कूस नाही, हात नाहीत. मी उघड्या पोटाने नुसता बघत राहिलो.

आता वाटी काढली आहे. गोटी पडते ती पडतेच. टाळ्या कमी झाल्या. मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तरी चालेल. पण मला कुणाला दाखवाल तेव्हा खरे किती आणि बनवलेले किती, तेवढे आधी सांगा. समोर उभ्या मुलाची मूठ कशावर मिटलेली आहे, ते आपल्याला दिसत नसते.