माझ्या बाजूचा ब्रेक

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक आहे, म्हणून आजवर एकाही शिकाऊने गाडी कुणाच्या दुकानात घातली नाही. नवरा शिंपी. त्यामुळे घरात सुई त्याच्याकडे आणि धीर माझ्याकडे, असा आमचा समज होता. मग आमच्या आठ वर्षांच्या भिंगरीला साखरेचा आजार निघाला आणि त्या समजाचं पितळ उघडं पडलं.

वॉर्डातल्या सिस्टरनी आडपडदा ठेवला नाही. "ताई, हे इंजेक्शन रोजचं आहे, जेवणाआधी, आणि जन्मभराचं. तुम्ही दोघांनी माझ्या डोळ्यांसमोर एकेकदा नीट दिलं की घरी जायचं. तोवर मुक्काम इथेच."

भिंगरीने हे ऐकलं आणि तिथल्या तिथे बॅग भरून पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली. दात घासायचा ब्रशसुद्धा आत. रोज सकाळी ती तो आमच्यासमोर बाहेर काढायची आणि आमच्याकडे बघत बघत दात घासायची. मेली टोमणे मारायला माझ्यावरच गेली आहे.

सरावाला सिस्टरनी स्पंजची छोटी उशी दिली. नवऱ्याने आधी सुई उजेडात धरून न्याहाळली. "काय बारीक काम आहे गं!" मग त्या उशीवर एका ओळीत, सारख्या अंतरावर, टोचत सुटला.

"भाऊ, धावदोरा घालायचा नाहीये," सिस्टर म्हणाल्या.

तीन दिवसांनी दुपारच्या जेवणाआधी खरी वेळ आली. त्याने हात धुतले, औषध खुणेपर्यंत भरलं, सिस्टरनी ते तपासलं. इथवर सगळं देखणं. मग मांडीवरची जागा बघायला त्याला दोन्ही हात मोकळे हवे झाले. कापड चाचपतात तशी त्याने मांडी चाचपली, आणि तेवढ्या वेळापुरती सुई कुठे ठेवली? ओठांत! दिवसभर टाचण्या जिथे असतात तिथेच.

"भाऊ!" सिस्टर ओरडल्या. माझा पाय धाडकन फरशीवर आपटला. तिथे ब्रेक नव्हता, हे नंतर टाचेला कळलं.

सिस्टरनी ती सुई काढून घेतली आणि वापरलेल्या सुयांच्या जाड डब्यात टाकली. "तोंडाला लागली की वाया गेली. आणि वापरलेली सुई पुन्हा वापरायची नाही. थेट डब्यात."

"चांगली होती हो," नवरा पुटपुटला.

मी तोंडाचा पट्टा सोडला. "इतकी वर्षं सुया चघळल्यात, निदान पोरीच्या वेळी तरी भान ठेवा!" तो मान खाली घालून उभा राहिला. मला वाईट वाटलं, पण बोलून झालं होतं.

तोडगा भिंगरीने काढला. "बाबांना मास्क घाला ना. मग सुई जाईल कुठे?"

संध्याकाळी मास्क लावून त्याने असं इंजेक्शन दिलं, की भिंगरीने विचारलं, "कधी देताय?" देऊन झालं होतं. मग स्वारी छाती काढून वॉर्डभर फिरली. मास्क झोपेपर्यंत उतरवला नाही, आणि सकाळी उठल्याबरोबर पुन्हा लावला.

सकाळी माझी पाळी. सुई मांडीपासून बोटभर अंतरावर नेली आणि हात तिथेच थिजला. शहाणपण सगळं जिभेवर, हातात नावाला नाही. मला भीती वाटत होती. आज दुखेल याची नव्हती. आज मी टोचणार, उद्याही मीच, परवाही मीच, आणि एक दिवस मला येताना बघून ही तोंड फिरवेल, याची होती.

मी हात मागे घेतला. "सिस्टर, रोज ह्यांनीच दिलं तर? ह्यांचा हात हलका आहे."

"आणि ते तापाने पडले तर?"

भिंगरीने घसा खाकरला. शाळेच्या सुट्टीत ती माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसते. तिथून कानांवर पडलेला माझाच आवाज तिच्या तोंडून निघाला. "मॅडम, बंद पडली तर पडू दे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे. घाई नको. पण रस्त्यात थांबायचंही नाही हं."

सिस्टर हसल्या, मास्कमागे नवरा हसला, मलाही हसू फुटलं, आणि हात सुटला. कातडी चिमटीत धरली, सुई सरळ आत, औषध हळूहळू, मनात दहापर्यंत मोजून बाहेर, आणि थेट डब्यात.

"पास," भिंगरी म्हणाली. "पण क्लच जरा लवकर सोडलात."

तिचा फ्रॉक सारखा करायला मी वाकले, तेव्हा तिचा पाय दिसला. उजवा पाय स्टुलावरच्या बॅगेवर रोवलेला. बोटं पांढरी पडली होती आणि बॅग चेपून अर्धी झाली होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी माझा पाय असाच असतो. पोर सगळा वेळ घाबरून ब्रेक दाबत होती, आणि तोंडाने मला म्हणत होती, घाई नको.

मला रडू आलं. मी तो पाय ओंजळीत धरला. "सोड गं आता. झालं."

"तू बॅग उचल," ती म्हणाली, "मग सोडते."