माग थांबले तेव्हा

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागात सगळ्यांच्या माना एकाच दाराकडे वळल्या होत्या. ज्यांच्या वळत नव्हत्या, ते रांगेत होते.

दार कुंडलिकमहाराजांचं. महाराज मूळचे अकलूजचे. तिथं काय करत होते, हे सांगत नसत. इथं विजेवर चालणाऱ्या मागांच्या कारखान्याला लागून खोली घेऊन ते ‘लेसर’ देत. बायका दिवसभर सुपावर वाकून विड्या वळतात, पुरुष मागावर वाकतात, असा हा मुलूख. दुखऱ्या मानांचं पीक इथं दुष्काळातही बुडत नाही.

“हा दिवा नव्हे,” महाराज सांगत. “लेसर. अमेरिकेत यानं पोलाद कापतात. मानेतलं दुखणं म्हणजे काय, लोणी.”

“आणि मान?” रांगेतून दगडाबाईनं विचारलं.

“श्रद्धा असली तर राहते.”

दगडाबाईचं समाधान झालं. माझं झालं नाही, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

उपचार सोपा होता. महाराज मानेला मलम चोळत, डोळ्यांवर काळी पट्टी बांधत, कारण किरण पाहिला तर म्हणे दृष्टी जाते, आणि मागून लाल उजेड सोडत. आधी ऊन लागे, मग गार, मग काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ म्हणजेच चमत्कार.

माझ्या शेजारची सावित्रम्मा नेमानं जायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला पूर्वीच बजावलं होतं, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच ये. मुंग्या आल्या. नंतर त्याही गेल्या.

“अण्णा, आता बोटं पण बधिर झाली की,” ती मला म्हणाली. “महाराज म्हणतात, किरण बोटापर्यंत पोचला.”

“विडीला दोरा बांधता येतो?”

“सुटतो. कारखान्यात विड्या परत करतात.”

नवरा गेलेला, घर त्या बोटांवर. हे ती रडून सांगत नव्हती. त्या दिवसांत ती काहीच रडून सांगत नसे.

“दवाखान्यात चल.”

“आजची बैठक करून येते.”

मी सोबत गेलो. महाराजांनी तिला पाटावर बसवलं, मलम चोळलं, पट्टी बांधली. भिंतीपलीकडे माग खटखटत होते. ते एकदम थांबले. आमच्याकडे वीज गेलेली डोळ्यांच्या आधी कानांना कळते.

महाराज डगमगले नाहीत. “आता किरण मणक्यात शिरतोय. ऊन लागतंय का, बाई?”

“लागतंय.”

“झिणझिण्या?”

“व्हय.” तिनं भिंतीपलीकडे कान दिला. “महाराज, माग बंद हायत.”

“असतील.”

“म्हंजे करंट न्हाय.”

“बोलू नका. किरण फाटतो.”

“करंट न्हाय, तर ऊन कशाचं लागतंय?”

तिनं पट्टी काढली. मान वळत नव्हती, म्हणून ती अख्खीच वळली. मागे तुपाचा रिकामा डबा, त्यात चांदीचा कागद आणि फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत असतो तसला लाल बल्ब. विझलेला.

“किरण साठवलेला असतो,” महाराज म्हणाले.

“मग मला बी साठवलेलाच द्या,” दगडाबाई म्हणाली. “वीज येईस्तोवर कुटं थांबू?”

रांग हलली नाही. आम्ही दोघंच निघालो.

डॉक्टरीणबाईंनी सावित्रम्माची मान हुंगली. “कापूर आणि पेपरमिंट. आधी ऊन, मग गार, मग बधिर. पण ते कातडीपुरतं. बोटं बधिर झाली ती मानेत नस दबल्यामुळं. मुंग्या आल्या तेव्हाच यायचं होतंस.”

मानेला पट्टा आला, व्यायाम आले. अंगठ्याला जाण परतली. तर्जनीला अजून नाही. ती आता मधल्या बोटानं दोरा बांधते, सावकाश.

लेसर खोटा नाही. तो खराखुरा किरण आहे, आणि त्यानं माना बऱ्या होतात की नाही, हे उद्या जाणकार तपासतील. तपासायची रीत मात्र सावित्रम्माला वीज मंडळाच्या कृपेनं सापडली. डोळे बांधा, गुपचूप बटण बंद करा आणि विचारा, ऊन लागतंय का? लागत असेल तर दिव्याला हात जोडू नका.

आणि बधिर झालेल्याला बरं झालं म्हणू नका. दुखणं निदान हाक तरी मारतं.